मदतनिसाला कळेल असं

तळमजल्यावरच्या बाईंना एका दुपारी फोनवर निरोप आला. त्यांच्या घरात खुर्च्या ओढल्या जातात, त्यामुळे खाली राहणाऱ्यांची झोप मोडते, कृपया काळजी घ्यावी. बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. म्हणजे त्या निवृत्त झाल्याचं शाळेला मान्य आहे, इमारतीलाही मान्य आहे, त्यांना नाही. फोन हातात धरून त्या जिने चढत चौथ्या मजल्यावर माझ्या दारात आल्या. लिफ्ट चालू होती. पण राग आला की बाई जिन्यानेच येतात, वाक्यं तयार व्हायला वेळ मिळतो.

"माझ्या खाली कोण राहतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणालो.

"पाया आहे. इमारतीचा पाया. त्याची झोप मोडते?"

हा प्रश्न त्यांनी मलाच का विचारला, हे सांगणं भाग आहे. तो निरोप पाठवला होता इमारतीच्या मदतनिसाने, मदतनीस तयार केला होता आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या भाचीने, आणि त्याला शब्द पुरवले होते मी.

मदतनीस म्हणजे माणूस नव्हे. रहिवाशांनी फोनवर आपली भानगड साध्या भाषेत लिहायची, आणि काय करायचं ते त्याने ठरवून करायचं, अशी ती व्यवस्था होती. त्यासाठी भाचीने त्याच्या हाती काही साधनं दिली होती. एक साधन निरोप पाठवतं, एक कारागिराला फोन लावतं, एक कमिटीकडे तक्रार नोंदवतं, एक गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवतं, एक लिफ्टवाल्यांना बोलावतं. यंत्राचा सगळा भाग भाचीने केला. राहिलं एवढंच, की प्रत्येक साधन काय करतं याचं वर्णन कोणीतरी लिहायचं.

"मामा, हे तू लिही," ती म्हणाली होती. "तुझी भाषा चांगली आहे. फक्त एक लक्षात ठेव. त्याला आपली इमारत दिसत नाही, माणसं माहीत नाहीत. तू लिहिलेलं वर्णन वाचूनच तो ठरवणार, कोणतं साधन कधी वापरायचं."

माझी भाषा चांगली आहे याबद्दल घरात दुमत नाही. मी वर्तमानपत्रात होतो. इमारतीत मला 'संपादक' म्हणतात. मी संपादक कधीच नव्हतो, उपसंपादक होतो, आणि हे इमारतीला ठाऊक आहे. म्हणूनच ते तसं म्हणतात. दुसऱ्यांच्या लांबलचक मजकुराला कात्री लावून तो दिलेल्या वेळेत दिलेल्या जागेत बसवणं हे माझं काम होतं. मी एका बैठकीत सगळी वर्णनं लिहून टाकली. चहा निवायच्या आत. निरोपाच्या साधनापुढे लिहिलं, 'संबंधितांपर्यंत माहिती तत्परतेने पोहोचवते.' कारागिराच्या साधनापुढे, 'अडचणीचे निवारण करते.' तक्रारीच्या साधनापुढे, 'गैरसोय दूर करण्यासाठी उपयुक्त.' व्हॉल्व्हपुढे दोनच शब्द, 'पाण्याचे नियंत्रण.' त्याहून एक अक्षर कमी करून दाखवावं कोणी.

भाचीने वाचलं आणि विचारलं, "मामा, अडचण आणि गैरसोय यांत फरक काय?"

"काही नाही. म्हणून तर दोन शब्द वापरले. एकाच स्तंभात एक शब्द दोनदा येणं बरं दिसत नाही."

मामा आहे म्हणून ती गप्प बसली. नात्यांमुळे जगातली किती कामं बिघडली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

तर खुर्च्यांचं प्रकरण असं घडलं. दुसऱ्या मजल्यावर एक विमेवाले राहतात. सकाळी लोकांना आयुष्याची शाश्वती नाही हे पटवून देतात आणि दुपारी स्वतः निर्धास्त झोपतात. त्यांच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, गणिताचे सर शिकवणी घेतात. शिकवणी सुटली की सगळ्या खुर्च्या एकदम सरकतात. विमेवाल्यांनी मदतनिसाला लिहिलं, 'वरच्या मजल्यावर दुपारी खुर्च्या ओढतात. झोप होत नाही. काहीतरी करा.'

मदतनिसाने माझी वर्णनं वाचली. संबंधित कोण, ते त्यात नव्हतं. इमारतीत तर प्रत्येकच घर कोणाच्या ना कोणाच्या संबंधातलं. त्याने अख्ख्या इमारतीला कळवलं. संध्याकाळपर्यंत जिन्यात कोणी कोणाशी बोलेना. प्रत्येक घराला वाटलं, शेजाऱ्याने आपली चहाडी केली. आमच्या घरीही निरोप आला आणि बायकोने माझ्या खुर्चीकडे असं पाहिलं, की मी पुढचा तासभर उभ्यानेच पेपर वाचला.

शांत राहिले ते एकटे गणिताचे सर. मी त्यांना जिन्यात गाठलं. "सर, निरोप मिळाला ना?"

"मिळाला की. पण तो सगळ्यांना आला," सर हसून म्हणाले. "म्हणजे मला उद्देशून नव्हता. असतात हो काही लोक असे, खुर्च्या ओढणारे."

एवढ्यावर भागलं नाही. झोप न होणं ही अडचणही आहे, हे मदतनिसाने ओळखलं आणि अडचणीचे निवारण करणारं साधन वापरलं. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी विमेवाल्यांच्या दारात सुतार उभा. हातात करवत.

"कोणती खुर्ची?" सुताराने विचारलं.

"माझी नाही, वरच्यांची."

"पत्ता तर तुमचा दिलाय."

"अहो, मी झोपलो होतो!"

"मग झोपा. मी कापतो. कोणती ते सांगा."

आलेला सुतार काम केल्याशिवाय जात नाही. त्याने विमेवाल्यांच्या कपाटाचं दार तासून दिलं. ते दार कित्येक वर्षं बंद होत नव्हतं. विमेवाले त्या दिवसापासून मदतनिसाच्या बाजूचे झाले, पण ते झोपेत असल्यामुळे त्यांच्या मताला वजन नव्हतं.

आता अध्यक्षांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर कोसळलं. ते पहिल्या मजल्यावर राहतात. एका मोठ्या कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा तिथली भाषा बरोबर घेऊन आले. ते जिना उतरत नाहीत, 'जिन्याचा वापर करतात.' मदतनिसाची महिनाभर चाचणी घ्यावी आणि महिनाअखेर सर्वसाधारण सभेत निर्णय करावा, हा ठराव त्यांचाच. त्या ठरावावर भाचीचं बरंच काही टांगलेलं होतं. लांबच्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती आणि उत्तरासाठी महिनाअखेरपर्यंत थांबायची तयारी दाखवली होती. आमच्या इमारतीने मदतनीस ठेवला, तर समोरच्या दोन इमारतीही घेणार होत्या. मग तिचं स्वतःचं काम इथेच उभं राहिलं असतं, आमच्या मागच्या खोलीत, खिडकीला टेकून ठेवलेल्या तिच्या दोन संगणकांवर. नाहीतर बॅग भरायची. माझी ताई, म्हणजे भाचीची आई, रोज फोन करून बॅगेच्या बाजूने बोलायची. भाचीला जायचं नव्हतं. तिने तसं कधी म्हटलं नाही, पण कंपनीचा विषय निघाला की ती नखं बघायची.

एका सकाळी अध्यक्षांच्या न्हाणीघराच्या छतातून पाणी टपकायला लागलं. त्यांनी मदतनिसाला लिहिलं, 'वरून पाणी गळत आहे. गैरसोय होत आहे.' बाकी काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं. 'अडचण' लिहिलं असतं तर प्लंबर आला असता. त्यांनी नेमकं 'गैरसोय' लिहिलं, मदतनिसाने गैरसोयीचं साधन उचललं, आणि कमिटीकडे तक्रार नोंदवली. तक्रार कोणाविरुद्ध, अशी एक जागा त्यात होती. ते पाइप शेवटचे दुरुस्त केले होते आमच्या नेहमीच्या प्लंबरने. त्याचं नाव तिथे गेलं आणि एक प्रत त्याला गेली. शिवाय पाणी गळतंय म्हणजे पाण्याचं नियंत्रण हवंच. मदतनिसाने गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला. तो व्हॉल्व्ह सबंध इमारतीचा आहे, हे दोन शब्दांत मावलं नव्हतं.

प्लंबरचा फोन मला आला. "साहेब, मला लेखी?" तो म्हणाला. "तुमच्या इमारतीचे पाइप माझ्या हाताखाली म्हातारे झाले. आणि मला लेखी तक्रार? आता मी त्या इमारतीची पायरी चढणार नाही. दुसरा बघा."

अध्यक्षांचा फोन आला नाही. ते स्वतःच आले. अंगावर पंचा, डोक्यावर साबण, एक डोळा मिटलेला.

"संपादक," ते म्हणाले, "सदर प्रकार अत्यंत गंभीर आहे."

तसं बोलणं त्या अवस्थेत सोपं नाही. मी त्यांना आमच्या पिंपातलं एक तांब्या पाणी दिलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, दोन द्या. केस दाट आहेत त्यांचे."

त्याच संध्याकाळी कमिटीने वर्णनं तपासण्यासाठी उपसमिती नेमली. अध्यक्ष, बाई, गणिताचे सर आणि झोपेतून उठवलेले विमेवाले. भाचीला आणि मला 'माहिती देण्यापुरतं' बोलावण्यात आलं. जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरात लाल पेन फिरवणाऱ्या माणसाला आपल्या मजकुरात दुसऱ्याचं लाल पेन फिरताना बघणं काय असतं, ते मी तिथे पाहिलं. बाईंनी पेन शाळेतूनच आणलं होतं.

"यात शिस्त नाही," बाई म्हणाल्या. "साधन वापरण्यापूर्वी कारण विचारलं पाहिजे. कारण पटलं नाही तर दुसऱ्यांदा विचारलं पाहिजे."

"सर्व शक्यता मांडा," सर म्हणाले. "गळती उभ्या पाइपातून असेल तर, आडव्या पाइपातून असेल तर, दोन्हींतून असेल तर, दोन्हींतून नसेल तर."

"दोन्हींतून नसेल तर गळती कशी असेल?" मी विचारलं.

"म्हणूनच तो प्रकार मांडायचा. राहून जायला नको."

विमेवाल्यांनी अटी सुचवल्या. भूकंप, पूर आणि दंगल यांत मदतनिसावर जबाबदारी राहणार नाही, असं प्रत्येक वर्णनाखाली बारीक अक्षरात घालावं म्हणाले. मदतनिसाला अक्षर बारीक की मोठं ते दिसत नाही, असं भाचीने समजावलं. "मग बारीक अक्षराचा उपयोग काय?" असं म्हणून त्यांना प्रामाणिकपणे वाईट वाटलं.

आणि अध्यक्षांनी शेवटची दुरुस्ती मांडली. 'कोणत्याही कारागिरास पाचारण करण्यापूर्वी अध्यक्षांची लेखी पूर्वसंमती, अध्यक्षांच्याच दूरध्वनीवरून, प्राप्त करणे बंधनकारक राहील.' ती एकमताने मंजूर झाली. कोपऱ्यात बसलेली भाची एवढंच म्हणाली, "काका, त्याला हे खरंच वाटेल हं. तो हे पाळेल."

"पाळावं म्हणूनच लिहिलं आहे," अध्यक्ष म्हणाले.

लिफ्टच्या साधनाचं वर्णन आता एकाच वाक्याचं होतं आणि ते वाक्य पानात मावत नव्हतं. मी ते मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला तेव्हा मधे दोनदा श्वास घ्यावा लागला. वर्तमानपत्रात असं वाक्य माझ्या टेबलावर आलं असतं, तर मी लिहिणाऱ्याला खाली कँटीनमध्ये नेऊन शांतपणे विचारलं असतं, घरी सगळं ठीक आहे ना? इथे त्या वाक्याखाली माझीच सही घेतली.

पुढचे काही दिवस मदतनिसाने काहीच केलं नाही. फक्त परवानग्या मागितल्या. जिन्यातला दिवा गेला, परवानगी. गच्चीच्या दाराचं कुलूप अडकलं, परवानगी, कारण, पुन्हा कारण. अध्यक्षांचा फोन दिवसभर किणकिणायचा. "कामाचा व्याप वाढला आहे," ते समाधानाने म्हणायचे. निवृत्तीनंतर त्यांना इतकं टवटवीत मी पाहिलं नव्हतं.

मग एका सकाळी लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली. आतून दार बडवल्याचा आवाज येत होता. माझ्या बायकोने ऐकला आणि लगेच मदतनिसाला लिहिलं. उत्तर सभ्य होतं. 'लिफ्टच्या कारागिरास बोलावण्यासाठी अध्यक्षांची लेखी संमती आवश्यक आहे. अध्यक्षांशी संपर्क होत नाही. मी प्रयत्न करत आहे.'

संपर्क होणार नव्हता. अध्यक्ष लिफ्टमध्ये होते आणि तिथे फोनला रेंज नव्हती.

"संमती आहे!" आतून आवाज आला. "माझी संमती आहे!"

"अध्यक्षसाहेब, तोंडी चालत नाही," मी दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणालो. "लेखी हवी. तुमचीच दुरुस्ती आहे."

फटीतून एक घडी घातलेला कागद बाहेर आला. त्यावर सहीसकट संमती होती. मला मान्य केलंच पाहिजे, त्या अवस्थेतही भाषा नेटकी होती. मी ती माझ्या फोनवरून मदतनिसाला पाठवली. त्याने आभार मानले आणि कळवलं, की ती अध्यक्षांच्या क्रमांकावरून आलेली नाही.

इतक्यात भाची जिन्यावरून धावत आली, तिने काय चाललंय ते ऐकलं, खिशातून फोन काढला आणि सरळ लिफ्टवाल्यांना लावला. तिच्या आधी हे कोणाला सुचलं नाही. आम्ही सगळे नियमात अडकलो होतो. अध्यक्ष तेवढे लिफ्टमध्ये.

बाहेर आल्यावर त्यांनी कोट झटकला. आवाज अगदी खाली होता, म्हणजे खरा राग. "महिनाअखेरीस सभेत ठराव मांडतो. हे बंद." मग भाचीकडे बघून थोडं नरमले. "बेटा, तू हुशार आहेस. नोकरी घे."

त्या दिवशी जेवताना भाची म्हणाली, "मामा, मी कंपनीला हो कळवते. सभेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही."

"अगं, पण..."

"तुझी चूक नाहीये. जमलं नाही, एवढंच."

माझी चूक नाही असं मला कोणी म्हटलं, की ती कोणाची आहे हे मला लगेच कळतं. पण तरी मी म्हणालो, "माझी पहिली वर्णनं स्पष्टच होती. त्यात इतरांनी हात घातला."

बायकोने पोळी माझ्या ताटात वाढता वाढता हात थांबवला. "स्पष्ट होती?"

"स्वच्छ आणि स्पष्ट."

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या सकाळी मी मदतनीस होते. तुमची ती पहिली वर्णनं चिठ्ठ्यांवर लिहून द्या. मला इमारत माहीत नाही, कोणी माणूस माहीत नाही. तुम्ही भानगडी सांगा. मी चिठ्ठी वाचून जे कळेल ते करते."

भाचीने मान वर केली. पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळला. "मामी, हे मस्त आहे. कंपनीला मी परवा कळवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ चिठ्ठ्या मांडून बसली. मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो, "नळ गळतोय!"

तिने आतून चिठ्ठी वाचली, "पाण्याचे नियंत्रण." आणि उठून आमच्या घराचा मुख्य नळ बंद केला.

"अगं, सगळ्या घराचं पाणी कशाला बंद केलंस?"

"नियंत्रण केलं."

"माझी दाढी अर्धी झालीय!"

"ते चिठ्ठीत नाही. पुढचं?"

"वरच्या मजल्यावर आवाज होतोय."

"संबंधितांपर्यंत माहिती पोहोचवते. संबंधित कोण?"

"तुला माहीत नाही का?"

"मला आज कोणीच माहीत नाही." तिने फोन उचलला. "ताईंना कळवू? त्या तुमच्या सगळ्यात जवळच्या संबंधित."

"नको!" मी आणि भाची एकदम ओरडलो.

हे बराच वेळ चाललं. मी जे जे सांगावं, ते ती माझ्याच शब्दांना धरून अचूक चुकवत होती. शेवटी मी चिडून तोंडावरचा साबण पुसत आत गेलो. "तू मुद्दाम करते आहेस. एरवी माझ्या अर्ध्या बोलण्यात तुला सगळं कळतं. परवा मी म्हणालो, ते तिकडचं ते दे. तू बरोबर चष्मा दिलास."

"तुम्ही नाकाच्या वर हात लावला होतात, समोर पेपर होता, आणि चष्मा तुम्ही नेहमी फ्रीजवर विसरता," ती म्हणाली. "इतकी वर्षं अर्थ मी लावते आहे हो. तुम्हाला वाटतं, तुम्ही स्पष्ट बोलता."

भाची खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मी रागवावं की नाही हे ठरेपर्यंत मलाच हसू फुटलं. ते तसं उशिराच. वर्तमानपत्रातही माझे मथळे कोणीतरी समजून घेत असणार, छापखान्यातला जुळारी, वाचक, कोणीतरी. मला वाटायचं ते मथळे स्वतःच्या पायावर उभे आहेत.

अर्धी दाढी तशीच ठेवून मी लिहायला बसलो. बायको समोर बसली, तिला काहीच माहीत नसल्याचं ठरलं होतं, आणि हे सोंग तिने इतकं मन लावून वठवलं की मधे एकदा तिने मला माझं नाव विचारलं. प्रत्येक साधन काय करतं, ते आधी. मग कधी वापरायचं. मग कधी वापरायचं नाही, आणि त्या ऐवजी कोणतं. काय माहीत नसेल तर आधी काय विचारायचं. नंतर काय होतं. कारागिराच्या साधनातून वेगळं काढलेलं प्लंबरचं साधन असं झालं:

'प्लंबरला फोन लावते. एखाद्या घरात पाइप, नळ किंवा टाकी गळत असेल किंवा मोरी तुंबली असेल, तर वापरा. कोणत्या घरात, हे सांगणाऱ्याने लिहिलं नसेल तर त्याला विचारा. अंदाज करू नका. वरून पाणी येत असेल तर सांगणाऱ्याच्या घराच्या वरचं घर, हेही कळवा. या साधनाने पाणी बंद होत नाही. त्यासाठी व्हॉल्व्हचं साधन आहे. पण ते सबंध इमारतीचं पाणी बंद करतं, म्हणून आधी सगळ्या घरांना निरोप पाठवा.'

'घर' हा शब्द किती वेळा आला, ते मी मोजलं नाही. डोळे मिटून घेतले आणि पुढे गेलो. जिथे प्लंबर तिथे प्रत्येक वेळी प्लंबर, त्याचा पुढच्या ओळीत नळ-कारागीर करायचा नाही, हे हाताला शिकवायला अख्खी सकाळ गेली. संमतीची अट भाचीने एका वाक्यावर आणली: दिवा, नळ, लिफ्ट यांना परवानगी लागत नाही, मोठ्या खर्चाला लागते. हे अध्यक्षांना दाखवायला मी खाली गेलो. त्यांनी वाचलं, लिफ्टच्या दाराकडे एकवार पाहिलं, आणि म्हणाले, "महिना संपेपर्यंत काय ते करा. ठराव मी मांडणारच."

प्लंबरकडे मात्र मला स्वतः जावं लागलं. तो दुकानात पाइपांच्या ढिगावर बसला होता आणि माझ्याकडे पाठ करून बोलत होता.

"माझ्याबद्दल काय लिहिलंय, ते वाचा आधी," तो म्हणाला.

मी वाचलं.

"यात मी चांगला आहे, असं कुठे आहे?"

"अहो, तो तुम्हालाच बोलावणार. दुसरा कोणी नाहीच त्याच्याकडे."

यावर त्याने विचार केला. "मग एक घाला. दुपारी जेवणाच्या वेळी फोन करायचा नाही. पाणी घरात शिरत असेल तरच करायचा."

मागणी रास्त होती. घातली. तो माझ्याकडे वळला, आणि माझ्या अर्ध्या दाढीकडे बघून काही बोलला नाही. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

त्यानंतर महिना संपेपर्यंत काय झालं, हे सांगणं अवघड आहे, कारण फारसं काही झालं नाही. अध्यक्षांचं छत टपकायचं थांबलं. सरांना, फक्त सरांना, खुर्च्यांबद्दल निरोप गेला. ते लालबुंद झाले आणि संध्याकाळी खुर्च्यांच्या पायांना रबर लावून घेतलं. एकदा बाईंची मोरी तुंबली. मदतनिसाने त्यांना विचारलं, फक्त तुमचीच की वरच्या घराचीही? त्यांनी वर, अध्यक्षांच्या शेजारच्या घरात, जाऊन पाहिलं, तिथलीही होती. प्लंबर जेवून आला, मोठा पाइप मोकळा केला, निरोप दोनच घरांना गेले. बाकी इमारतीला पत्ता नाही.

आणि तेच आमच्या अंगाशी आलं. सभेत अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, "गेल्या काही दिवसांत मदतनिसाने काय केलं? काही ऐकिवात नाही. इमारतीत काही अडचणच आली नाही. मग ज्याची गरज नाही ते चालू का ठेवावं? मी ठराव मांडतो."

माना हलायला लागल्या. खरंच, कोणाला काही आठवत नव्हतं. भाची माझ्या शेजारी बसली होती. ती नखं बघत होती. बाई मोरीबद्दल काहीतरी म्हणाल्या, पण सर म्हणाले, एका उदाहरणाने सिद्धता होत नाही.

"ठीक आहे," विमेवाले म्हणाले. ते चक्क जागे होते. "बंद करू. पण उद्यापासून प्लंबरला, सुताराला, लिफ्टवाल्यांना फोन कोण करणार? निरोप कोण देणार?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

"त्यात काय," अध्यक्ष म्हणाले. "संपादक आहेत की. घरीच असतात."

मी उठून काहीतरी बाणेदार बोलणार होतो. वाक्य तयार होतं. पण त्याआधी माझी बायको उभी राहिली, पदर सारखा केला आणि गोड आवाजात म्हणाली, "हो हो. ते करतील की. आनंदाने करतील."

बाईंनी पेनचं टोपण लावलं. सरांनी मनातल्या मनात काहीतरी आकडेमोड केली असावी, कारण त्यांचे ओठ हलले. अध्यक्षांची नजर माझ्यावरून सरकत न्हाणीघराच्या दिशेला गेली.

"मदतनीस ठेवावा," विमेवाले म्हणाले आणि हात वर केला.

बाईंचा हात वर गेला. मग सरांचा. मग मागच्या रांगेतले सगळे, एकदम, जणू कोणी पाणी सोडलं. सगळ्यात शेवटी अध्यक्षांनी आपला ठराव मागे घेतला आणि दुसरा मांडला. तो ऐकायला मी थांबलो नाही. माझ्या प्रतिष्ठेचं जे व्हायचं ते झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मी तेवढ्या किमतीत खूष होतो. त्यांच्या जागी मीसुद्धा हात वर केला असता.

भाची बाहेर जिन्यात गेली होती. मी दाराशी थांबलो. तिने कंपनीला फोन लावला होता. पलीकडून कोणीतरी बरंच समजावून सांगत होतं, पगार, घर, पुढची वाटचाल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "मी येणार नाही. मी इथेच राहून माझं काम करणार आहे. आभारी आहे."

फोन ठेवून ती वळली आणि मला बघून दचकली. "मामा! तू ऐकत होतास?"

"तपासत होतो," मी म्हणालो.

"मग?"

"जाऊ दे तसंच," मी म्हणालो. "एक शब्द इकडचा तिकडे करू नको."